रेड डॉटचा ठिपका फाटलेला दिसतो, म्हणजे साइट खराब?

रायफलवरच्या रेड डॉट साइटमधला, म्हणजे नेम धरण्यासाठी काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या उपकरणातला, ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा, चांदणीसारखा किंवा फाटलेला दिसला की साइट सदोष आहे, असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक वेळा दोष साइटमध्ये नसतो, बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

साइटमध्ये एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश वक्र काचेवरच्या लेपावरून परावर्तित होऊन जवळजवळ समांतर किरणांत डोळ्यात येतो. त्यामुळे काच हातभर अंतरावर असली, तरी ठिपका दूरवर असल्यासारखा भासतो. म्हणूनच ‘साइट जवळ आहे, लांबच्या चष्म्याची गरज नाही’ हाही गैरसमजच. लघुदृष्टी असलेल्याला चष्म्याविना ठिपका धूसर दिसणारच. चाळिशी लागलेल्यांना मात्र ही साइट खरोखर सोयीची, कारण जवळ फोकस करावं लागत नाही.

ठिपक्याचा आकार बिघडवते ती दृष्टिवैषम्य, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसली की प्रकाशबिंदू एका बिंदूत जुळत नाही. अंधारात बाहुली मोठी झाल्यावर किंवा ठिपका फार प्रखर ठेवल्यावर हे जास्तच जाणवतं.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून साइट काढा आणि डोळ्यासमोर जागच्या जागी चाकासारखी फिरवा. ठिपक्याचा बिघडलेला आकार साइटबरोबर फिरला नाही, तर दोष डोळ्याचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका गोल दिसला, तरी तेच. साइट परत करण्याआधी डोळे तपासून घ्या. नंबर थोडा असेल तर नुसती प्रखरता कमी करूनही बराच फरक पडतो.