एपीचा फॉर्म भरताय? आधी पासपोर्टवरचं नाव बघा

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या मुलीने अकरावी संपता संपता एपी दिली आणि तेव्हापासून कुणा ना कुणाच्या आईचा फोन येतोच, "अगं ते एपीचं काय केलंत तुम्ही?" दर वेळी पाऊण तास जातो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

एपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची सॅट घेणारी जी संस्था, कॉलेज बोर्ड, तिचीच परीक्षा. शाळेत असतानाच कॉलेजच्या फर्स्ट इयरच्या लेव्हलचा विषय करायचा, मे मध्ये पेपर, मार्क १ ते ५. वयाची अट नाही, टक्क्यांची नाही, बोर्ड कुठलंही चालतं, आणि वर्ग केला नसेल तरी नुसत्या परीक्षेला बसता येतं. फक्त सेमिनार आणि रिसर्च हे दोन विषय ज्या शाळेत शिकवतात तिथल्याच मुलांना, आणि कॅल्क्युलस एबी आणि बीसी (बीसीत एबीचं सगळं आणि वर थोडं जास्त) एकाच वर्षी देता येत नाहीत. बीसीमध्ये एबीचा वेगळा सबस्कोर मिळतोच, त्यामुळे रडायचं कारण नाही.

आता एक स्पष्ट सांगते. मुलाला पुण्याच्या सीओईपीला किंवा इथल्या कुठल्याही इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हा खर्च करू नका, तिथे सीईटी आणि जेईईच चालते, एपीचा ५ आला तरी कॅपच्या (सरकारी प्रवेश फेऱ्यांच्या) मेरिटमध्ये त्याचा काही उपयोग नाही. हे सगळं बाहेर जाणाऱ्यांसाठी. आणि तिकडेही प्रत्येक कॉलेजची तऱ्हा वेगळी, एमआयटी (अमेरिकेतली, कोथरूडची नाही!) कॅल्क्युलस बीसीला ५ असेल तर पहिल्या गणिताच्या कोर्सचं क्रेडिट देते, म्हणजे तो कोर्स झालाच असं धरते, कॅलिफोर्नियाची यूसी कॉलेजं ३ पासून पुढे काही ना काही देतात, आणि कॅलटेक कितीही आले तरी क्रेडिट देत नाही.

प्रोसेस म्हणाल तर आधी मुलाचं कॉलेज बोर्डचं अकाउंट काढायचं, शाळेचा ईमेल न देता स्वतःचा द्यायचा कारण शाळा सुटली की तो बंद होतो. मग सेंटर शोधायचं, आणि खरी दमछाक इथे होते. ऑनलाइन फॉर्म भरला आणि सेंटर मिळालं असं नसतं, जी शाळा एपी घेते तिच्या कोऑर्डिनेटरशी आपण स्वतः बोलायचं, बाहेरचा मुलगा घ्यायचा की नाही हे ते ठरवतात. आम्हाला एका शाळेने तीन आठवडे "कळवतो" म्हणून झुलवलं आणि शेवटी नाही म्हणाले. त्यामुळे ऑगस्टमध्येच, म्हणजे गणपतीच्या आसपास, चार ठिकाणी मेल टाकून ठेवा, मुंबईची एखादी शाळा पण धरा. हो म्हणाले की ते जॉइन कोड देतात, तो अकाउंटमध्ये टाकला की नाव रजिस्टर. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यांना पेपर ऑर्डर करायचे असतात, नंतर लेट फी ४० डॉलर. २०२५ ला अमेरिका-कॅनडाबाहेर मूळ फी एका विषयाला १२९ डॉलर होती, वर सेंटर स्वतःचं काही लावतं. कार्डवर इंटरनॅशनल पेमेंट चालू करून ठेवा, नव्या कार्डांवर ते बंदच असतं.

कागदपत्रं विचाराल तर यादी हसू येईल इतकी छोटी आहे, पासपोर्ट आणि बस. पण तिथेच आमची विकेट पडली. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग तिचं नाव, मग बाबांचं. अकाउंट काढताना मी मार्कशीट समोर ठेवून तसंच भरलं, म्हणजे फर्स्ट नेमच्या जागी आडनाव! पासपोर्टवर उलटं. सेंटरवाल्यांनी वेळेत पकडलं म्हणून बरं, ते निस्तरायला मेलामेली झाली. त्यामुळे मार्कशीट बाजूला ठेवा आणि पासपोर्टवर गिव्हन नेम आणि सरनेम जसं आहे अक्षरन् अक्षर तसंच भरा. पासपोर्ट नसेल तर आत्ताच मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट घ्या, अठराच्या आतल्यांना साधी फी १००० रुपये. डिस्लेक्सिया वगैरेसाठी आपल्या दहावी-बारावीच्या बोर्डाची जादा वेळेची सवलत असली तरी ती इथे आपोआप लागू होत नाही, कॉलेज बोर्डकडे वेगळा अर्ज, जानेवारीच्या मध्याच्या आत.

अभ्यासाचं बोलू. विषय एक, फार तर दोन. बीसीमधलं डिफरन्शिएशन इंटिग्रेशन आपल्या बारावीत आहे, पण सिरीजचा भाग, टेलर सिरीज, रेशो टेस्ट, आपल्या बोर्डात नाहीच, म्हणजे अकरावीच्या मुलाला हे सगळं स्वतः पुढे जाऊन करायला लागतं. रोज तास-दीड तास, क्लास सांभाळून. जुन्या पेपरमधले लेखी प्रश्न कॉलेज बोर्डच्या साइटवर फुकट आहेत, उत्तरं कशी तपासतात त्यासकट, तेवढं नीट केलं तरी खूप. आणि बारावीत देऊ नका हो! फेब्रुवारीत बोर्ड, मग जेईई, सीईटी, आणि मे च्या सुरुवातीला नीट येते ती थेट एपीच्याच आठवड्यात. शिवाय बारावीच्या मे चा निकाल जुलैत लागतो, तोपर्यंत अॅडमिशनचं उत्तर येऊन गेलेलं असतं.

पेपर आता लॅपटॉपवर, कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक अॅपमध्ये. कॅल्क्युलसला ऑप्शनवाले प्रश्न स्क्रीनवर आणि लेखी उत्तरं मात्र हाताने कागदावर, सव्वातीन तास. थोड्या भागात ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरायचा असतो, तो अॅपमध्येच आहे, पण लॉग टेबलवर वाढलेल्या आपल्या मुलांना ते बघूनच बावचळायला होतं, म्हणून घरी त्याच कॅल्क्युलेटरवर सराव करा. अॅपमधलं एक्झाम सेटअप आदल्या दिवसांत करायचं, चार्जर न्यायचा, फोन घरी.

निकालाचं एकच. वर्षाला एका कॉलेजला स्कोर फुकट पाठवता येतो, पण नाव २० जूनच्या आत टाकायचं, म्हणजे मार्क कळायच्या आधी. अकरावीत ते रिकामंच सोडा, कॉमन अॅपमध्ये (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज) मार्क स्वतःच लिहायचे असतात, आणि अॅडमिशन झाल्यावर कॉलेजने मागितला की तेव्हा १५ डॉलर भरून ऑफिशियल पाठवता येतो.