प्रोटोकॉलचा नमुना आधी पायथॉनमध्ये का लिहितो?

आपले पंप-नियंत्रक, मीटर आणि सेन्सर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, तो प्रोटोकॉल कागदावर कितीही नेटका दिसला, तरी दोन यंत्रे प्रत्यक्ष जोडल्याशिवाय त्यातील खोट कळत नाही. म्हणून उपकरणात बसणारा सी भाषेतील प्रोग्रॅम हाती घेण्यापूर्वी आम्ही पायथॉनमध्ये प्रोटोटाइप तयार करतो. एकाच कामाचे पैसे दोनदा का, असा प्रश्न ग्राहक विचारतात आणि तो रास्तच आहे.

सर्वाधिक घोळ बाइटच्या क्रमात होतो. ३०० हा आकडा दोन बाइटांत १ आणि ४४ असा (१ × २५६ + ४४) मांडला जातो व नेटवर्कच्या संकेतानुसार मोठा बाइट आधी जातो. तो उलट वाचला, तर टाकीतील ३०० सेंटिमीटर पातळी ११,२६५ दिसू लागते. पायथॉनच्या ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलमध्ये बाइटांची मांडणी सांगणाऱ्या सूत्राच्या आरंभी एक उद्गारचिन्ह दिले की हा क्रम पक्का होतो. ‘स्केपी’ या लायब्ररीने मुद्दाम बिघडवलेली पॅकेटे (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे गठ्ठे) पाठवून समोरचे उपकरण कसे वागते, हेही पाहता येते.

दुसरी अडचण टीसीपीची, म्हणजे नेटवर्कवरून माहिती पोहोचवणाऱ्या प्रचलित प्रोटोकॉलची. टीसीपी संदेश नव्हे, तर बाइटांचा सलग प्रवाह पोहोचवते. त्यामुळे एक संदेश दोन तुकड्यांत किंवा दोन संदेश एकत्र हाती येऊ शकतात. मॉडबस टीसीपी या औद्योगिक उपकरणांच्या प्रोटोकॉलमध्ये संदेशाच्या आरंभी येणाऱ्या ७ बाइटांच्या हेडरमध्ये लांबीचा रकाना आहे, तो यासाठीच. एकाच लॅपटॉपवरील चाचणीत हा दोष सहसा उघड होत नाही, म्हणून आम्ही लिनक्समधील ‘नेटएम’ हे साधन वापरून विलंब आणि पॅकेटगळती मुद्दाम घडवून आणतो.

शेकडो जोडण्या एकाच वेळी सांभाळायच्या असतील, तर एरिक्सन कंपनीत १९८६ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुरू झालेली अर्लांग भाषा उजवी ठरते. पॅकेटची रचना तीत जवळजवळ आकृतीसारखी लिहिता येते. मात्र ती शिकण्यास वेळ लागतो, त्यामुळे सरसकट वापरत नाही.

प्रोटोटाइप आपल्याला दिला जाईल, परंतु तो साइटवर कायमचा बसवू नये, कारण मिलिसेकंदांचे वेळापत्रक पायथॉन खात्रीने पाळू शकत नाही. चाचणीत नोंदलेली पॅकेटे आम्ही जपून ठेवतो आणि सीमधील प्रोग्रॅम त्यांवरच तपासतो. पहिल्या बैठकीस येताना जुन्या उपकरणाचा रजिस्टर-तक्ता (कोणते मूल्य कोणत्या क्रमांकाच्या जागी साठते, याची यादी) आणावा. त्यात बाइटचा क्रम लिहिलेला नसल्यास चालू उपकरणाचे एक ज्ञात वाचन सोबत असावे.