जिप्सी उचलली म्हणजे नेमकं काय उचललं?

जुनी मारुती जिप्सी रस्त्यावर उंच दिसली की ‘लिफ्ट केलीय’ एवढं कुणीही सांगेल. काय लिफ्ट केलंय, ते मात्र उकिडवं बसून खाली डोकावल्याशिवाय कळत नाही. सस्पेन्शन लिफ्ट आणि बॉडी लिफ्ट, दोन्हींनी गाडी सारखीच उंच होते. गॅरेजमध्येही दोन्हीला ‘उचलणं’ हाच शब्द. तिथूनच घोळ सुरू होतो.

जिप्सीत उंची घुसवायला दोन जागा आहेत. एक अ‍ॅक्सल आणि चेसिसच्या मध्ये, म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा आणि गाडीचा खालचा सांगाडा यांच्यात, जिथे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. दुसरी चेसिस आणि बॉडीच्या मध्ये, जिथे रबरी माउंट असतात. पहिल्या जागी उंची वाढवली तर चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असं सगळं वर जातं. दुसऱ्या जागी वाढवली तर नुसता डबा वर जातो, बाकी सगळं होतं तिथेच राहतं. (मोनोकॉक गाड्यांत वेगळी चेसिसच नसते, त्यामुळे त्यांना बॉडी लिफ्टचा प्रश्नच येत नाही.)

आता गंमत अशी, की अ‍ॅक्सल या दोन्हींत जागचा हलत नाही. तो चाकांवर बसलेला असतो. मला हे मावळातल्या एका बैलगाडीच्या वाटेवर कळलं, जरा उशिराच. पावसाने चाकोरी खोल गेलेली, मधला उंचवटा गवताने झाकलेला. गाडी आधीच दोन इंच उचललेली होती, तरी मागच्या डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरची गिअरची फुगीर पेटी) त्या उंचवट्यावर टेकला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. बरोबरच्या दोघातिघांचा सल्ला एकच, “अजून दोन इंच उचल.” दोन काय, चार इंच उचलली असती तरी तो गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहिला असता. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरच्या वाढीव उंचीच्या निम्माच.

हिशेब करून बघा. जिप्सी किंग या मॉडेलचा मूळ टायर 205/70 आर 15, त्याचा व्यास साधारण 668 मिलिमीटर. 215/75 घातला की व्यास 703 च्या आसपास जातो, म्हणजे गोळ्याखाली 18 मिलिमीटर मिळाले. 235/75 घातला तर 33 मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर कमी दाखवतो. 235 वर काटा 60 वर असताना गाडी 66 ने चाललेली असते.

मग सस्पेन्शन लिफ्ट कशासाठी? पोट आणि नाक-शेपूट वाचवण्यासाठी. बांध ओलांडताना ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीखालचा) भाग घासतो, ओढ्यात उतरताना पुढचा बंपर आधी टेकतो, तिथे ती कामाला येते. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2375 मिलिमीटर. पोट जमिनीपासून 300 मिलिमीटरवर धरलं, तर दोन इंचांनी पोट न घासता बांध ओलांडण्याचा कोन ढोबळमानाने चार-पाच अंशांनी सुधारतो. हे बॉडी लिफ्टने अजिबात साधत नाही, कारण पोट आणि बंपर दोन्ही चेसिसला बांधलेले.

पण सस्पेन्शन लिफ्टचं बिल एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येतं. पहिले दोन इंच जुनी गाडी मुकाट्याने सोसते. त्यापुढे प्रत्येक इंचाला काहीतरी ताणलं जातं. चेसिसखाली जॅक लावून चाक मोकळं लोंबू द्या आणि ब्रेकचा रबरी होज बघा. त्यात थोडी ढील दिसायला हवी. तो धनुष्याच्या दोरीसारखा ताठ झाला असेल, तर खड्ड्यात चाक खाली गेल्यावर काय होईल ते सांगायला नको. शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आखूड पडला तर लांब पाटे घालूनही चाक खाली जात नाही. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. तिथून अ‍ॅक्सलकडे जाणारे प्रोपेलर शाफ्ट उंचीबरोबर जास्त तिरके होतात. मग ठरावीक वेगाला सीटखाली थरथर सुरू होते आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात.

शॅकलची, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीची, गोष्ट वेगळीच सांगायला हवी, कारण स्वस्तात उंची वाढवायची म्हटलं की सगळ्यांची नजर तिथेच जाते. शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी एकच इंच उचलते. पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल असतो मध्यावर. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांबवलं की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर अ‍ॅक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा चिमटा किंचित मागे कललेला असतो म्हणून हँडल आपोआप सरळ होतं. कॅस्टर म्हणजे तोच कल. तो गेला की गाडी हायवेवर डुलत चालते, वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही. एका गॅरेजने मला असे शॅकल लावून दिले आणि डुलणं सुरू झाल्यावर टाय रॉड (पुढच्या दोन चाकांना जोडणारी स्टीअरिंगची दांडी) बदलायला सांगितला. टाय रॉड बदलला. गाडी डुलतच राहिली. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये तिरकी पाचर घालून कल परत आणावा लागतो, हे पुढे कळलं.

आणि ‘अजून थोडी’ म्हणत एकावर एक थर चढवणं तर नकोच. म्हणजे आधी वाढीव कमानीचे पाटे, वर लांब शॅकल, वर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये ठोकळे. पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळा कधीच नाही. ब्रेक मारल्यावर जोर तिथेच येतो. खरंच पाचेक इंच हवे असतील तर पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवतात. पण त्यासाठी अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टीअरिंगची दांडी नव्याने जुळवावी लागते, आणि चढावर जोर लावला की पाटा इंग्रजी एससारखा मुरडतो. हौसेने सुरू केलेलं काम इथे प्रकल्प होतं.

बॉडी लिफ्ट त्या मानाने साधी. एक-दोन इंचांचे ठोकळे, लांब बोल्ट, झालं. पाट्यांचा, शाफ्टचा कोन बदलत नाही, इंजिन खालीच राहिल्याने गाडीचा तोलही फारसा बिघडत नाही. मिळते एकच गोष्ट, मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा. गिअरचे दांडे तेवढे आत बुडतात, स्टीअरिंगचा शाफ्ट आणि पेट्रोलचा पाइप ताणतो का बघावं लागतं, आणि बंपरवर फट दिसते. कोकणातली गाडी असेल तर आधी माउंटजवळचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. गंजलेल्या पत्र्यावर उंच ठोकळा म्हणजे वाळवीच्या खांबावर माळा.

या दोन्हींच्या आधी एक फुकटचं काम आहे. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजूंना मोजा. वीस-पंचवीस वर्षांत पाटे बसतात, बहुतेकदा एक बाजू जास्त. जी उंची विकत घ्यायला निघालोय ती मुळात गाडीचीच हरवलेली असू शकते.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनात बदल करण्याबद्दलच आहे, आणि उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये म्हटलंय. पंधरा वर्षांवरची गाडी पासिंगला नेताना हे आठवतंच.

मी शेवटी सगळं उतरवलं. मूळ उंचीचे नवे पाटे, मूळ शॅकल, 215 चे टायर. मावळातल्या त्या चाकोरीत पुन्हा जाऊन आलो. गोळा गवताला घासला, अडकला नाही.