कॅम्परच्या भिंतीत पाणी येतं कुठून?

कडाक्याच्या थंडीत सकाळी उठलात की कॅम्परच्या (आत झोपायची-राहायची सोय केलेल्या व्हॅनच्या) छताकडे नीट बघा, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक टपोरा थेंब लटकलेला आणि मधलं प्लायवूड मात्र कोरडं. छप्पर गळतंय म्हणून लोक सिलिकॉन घेऊन वर चढतात, दुसऱ्या दिवशी थेंब परत हजर, कारण ते पाणी बाहेरून आलेलंच नसतं, रात्रभर आपणच सोडलेली वाफ असते ती. स्क्रू आत पत्र्याच्या बरगडीला (छताला आधार देणाऱ्या धातूच्या पट्टीला) भिडलेला, म्हणून सगळ्यात गार तोच.

20 डिग्रीला एका घनमीटर हवेत फार तर 17 ग्रॅम वाफ मावते, 0 डिग्रीला जेमतेम 5. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी सोडतो. आत हवा समजा 10 घनमीटर, म्हणजे दोघं सगळं बंद करून झोपले तर दोन तासांच्या आतच हवेत वाफेला जागा उरत नाही. त्यात शेगडी पेटवली की अजून भर, 100 ग्रॅम गॅस जळला तर 150 ग्रॅमच्या वर पाणी तयार होतं (हो, जळून पाणी! गॅसमधला हायड्रोजन ऑक्सिजनला मिळतो ना).

काचेवरचं पाणी दिसतं तरी, पुसून टाकता येतं. खरी डोकेदुखी भिंतीच्या आत. पॅनेलच्या फटींतून, वायरींच्या भोकांतून उबदार हवा आत शिरते, पत्र्याला टेकते, थेंब होतात, खाली ओघळून तळाशी साचतात आणि तिथे पत्रा आतून गंजायला लागतो, शिवाय इन्सुलेशन (थंडी अडवायला भिंतीत भरलेला थर) लोकरीसारखं असेल तर ते भिजून त्याची ऊब धरायची ताकदच जाते. पत्र्यातून वाफ आरपार जात नाही, त्यामुळे वाळायचं तर ते पाणी आतल्याच बाजूने बाहेर पडणार. म्हणून आतून नुसतं प्लास्टिक लावून सांधे उघडे ठेवणं मला तरी सगळ्यात वाईट वाटतं, हवा फटीतून आत जातेच आणि ओल मात्र अडकून बसते. त्यापेक्षा पाणी न शोषणारा फोम पत्र्याला पोकळी न ठेवता चिकटवा, बरगड्यांवरूनही न्या, फटी टेपने बंद करा.

आणि रात्री छतावरचा व्हेंट थोडा उघडा, खाली एक खिडकी बोटभर. बाहेर धुकं असलं तरी उघडा, 0 डिग्रीची पूर्ण ओली हवा आत येऊन 20 डिग्रीला तापली की तिची ह्युमिडिटी 30 टक्क्यांच्या खाली येते. हीटर थोडा जास्त चालेल, चालू दे.