संघनकातील थररोधक उपायांची प्रत्यक्ष चाचणी

वीजकेंद्रातील टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ संघनकात (कंडेन्सरमध्ये) थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते. संघनकाच्या हजारो नळ्यांतून समुद्राचे, नदीचे किंवा शीतलन मनोऱ्याचे पाणी वाहत असते आणि त्यातील जिवाणू, गाळ, क्षार व शिंपल्यांसारखे प्राणी नळ्यांत थर धरतात. तो रोखण्यासाठी क्लोरीन व इतर रसायने, स्पंज रबराचे चेंडू, नळ्यांच्या आतले लेप असे उपाय योजतात. हे उपाय चालू केंद्रात, तिथल्याच पाण्यात किती गुण देतात, हे तपासणे म्हणजे ही चाचणी.

जिवाणूंचा चिकट थर बहुतांशी पाण्याचाच असतो. त्याची उष्णतावाहकता पाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.६ वॅट प्रति मीटर-केल्विन. टायटॅनियमची सुमारे २१. त्यामुळे ०.१ मिमी जाडीचा थर ०.७ मिमी जाडीच्या टायटॅनियम नळीच्या भिंतीपेक्षा उष्णतेला जवळजवळ पाचपट विरोध करतो. वाफ अधिक तापमानाला द्रवू लागते व संघनकातील दाब चढतो: ३३° से.ला तो ०.०५ बार असतो, ४६° से.ला ०.१ बार. तेवढेच इंधन जाळून वीज मात्र कमी मिळते.

प्रयोगशाळेतील काचपट्टीवर उत्तम ठरलेला उपाय नळीत फसू शकतो. नळीतले पाणी सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने धावते, भिंत उबदार असते आणि पाण्यातील जीवसृष्टी ऋतूनुसार बदलते. नळीचा धातूही महत्त्वाचा. तांब्याच्या मिश्रधातूतून सुटणारे तांबे जीवांना काही प्रमाणात अटकाव करते, टायटॅनियम मात्र त्यांना अजिबात विषारी नाही; म्हणून एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नये.

सर्वांत मोठी चूक होते ती निव्वळ निर्वाताकडे, म्हणजे संघनकातील दाब किती कमी आहे याकडे, पाहून निकाल देण्यात. केंद्राचा भार उतरला, पाणी गार झाले किंवा आत शिरणारी हवा थांबली तरी निर्वात सुधारतो आणि श्रेय नव्या रसायनाला जाते. म्हणून त्याच काळात, त्याच पाण्यावर चालणारी, उपाय न केलेली नळी तुलनेला हवीच. तिच्यावाचूनच्या चाचणीला पुरावा म्हणता येत नाही.

त्यासाठी आत येणाऱ्या पाण्याची एक शाखा काढून त्यावर संघनकातल्याच धातूच्या व व्यासाच्या, बाहेरून तापवलेल्या नळ्या शेजारी शेजारी चालवतात. शाखा रसायन सोडण्याच्या जागेच्या आधी काढली की नंतर, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. याहून थेट पद्धत खुद्द संघनकातली: चालू नळीच्या मुखाशी प्रवाहमापक व तापमापक लावतात आणि बूच मारून बंद केलेल्या शेजारच्या नळ्यांतून वाफेच्या बाजूचे तापमान घेतात. या आकड्यांवरून थराचा औष्णिक रोध, म्हणजे उष्णतेला होणारा विरोध, निघतो. भिंत, पाणी व वाफ यांचे रोध वेगळे करण्याची ई. ई. विल्सन यांनी १९१५ मध्ये मांडलेली आलेखपद्धत आजही उपयोगी पडते.

सुरुवातीच्या दिवसांत हा रोध कधी कधी ऋण येतो. थर विरळ असताना नळी खडबडीत होते, प्रवाह घुसळला जातो व उष्णता उलट बरी जाते. तेवढ्यावरून उपाय यशस्वी ठरवणे घाईचे होईल. नळीतून वाहताना पाण्याच्या दाबात होणारी घट सोबत मोजली, तर वाढता खडबडीतपणा लगेच कळतो. शिंपल्यांची पिल्ले ठरावीक हंगामात चिकटतात, म्हणून निदान एक वर्षचक्र पाहिले पाहिजे. शिंपल्यांना क्लोरीन जाणवताच ते कवच मिटून घेतात. दिवसातून थोडाच वेळ दिलेली मात्रा त्यांच्यावर फारशी चालत नाही.

उपायाची किंमतही त्याच्या खात्यात धरावी लागते. लेप स्वतःच थोडा रोध आणतो, शिवाय वाळू आणि चेंडूंच्या घासण्याने तो नळीच्या तोंडाशी झिजतो. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यातील क्लोरीनवर मर्यादा असते. अमेरिकेत एकदाच वापरून सोडलेल्या शीतलन-पाण्यासाठी, २५ मेगावॉट व त्यावरील केंद्रांना, ती लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. अखेरीस केंद्र बंद असताना उपाय केलेल्या व न केलेल्या, अशा दोन्ही गटांतील नळ्या उपसून काढतात, त्या उभ्या चिरतात आणि आतला थर खरवडून, वाळवून तोलतात; मोजलेला रोध या वजनाशी जुळला नाही, तर मापन पुन्हा तपासतात.