हप्त्याने खरेदी करताना: कर्जाचा कायदा तुम्हाला काय देतो आणि केव्हा देतो

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हप्त्याने वस्तू घेणारे किंवा वैयक्तिक कर्ज काढणारे अनेक जण करारपत्र समजावून घेण्यासाठी आमच्याकडे येतात आणि त्यांतले बहुतेक सही झाल्यानंतर येतात. त्यांचा समज असा असतो की कायदा म्हणजे महाग कर्ज रद्द करून देणारी यंत्रणा. तसे नाही. दोन्ही पक्षांना मान्य असलेले कर्ज महाग आहे, एवढ्याच कारणावरून कायदा सहसा त्यात हात घालत नाही. तो कर्ज देणाऱ्याला ठरावीक वेळी ठरावीक गोष्टी खऱ्या सांगायला लावतो आणि कर्ज घेणाऱ्याला काही अधिकार देतो, ज्यांतल्या बऱ्याच अधिकारांना मुदत असते. ही मुदत हातची जाऊ नये म्हणून हे पत्रक काढले आहे. नियम देशोदेशी वेगळे आहेत. खालील उदाहरणे ब्रिटन, अमेरिका, युरोपीय संघ आणि भारत येथील आहेत आणि आपल्या करारावर कोणता कायदा लागू होतो हे त्या करारातच पाहावे लागते.

दर नेमका किती?

समजा, 12,000 इतक्या रकमेचे कर्ज एका वर्षासाठी दहा टक्के सरळ दराने मिळाले. व्याज 1,200, म्हणजे एकूण परतफेड 13,200 आणि महिन्याचा हप्ता 1,100. ग्राहकाला हा दहा टक्के दर वाटतो, पण पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फिटत जाते आणि व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर महिन्याचा दर सुमारे दीड टक्का, म्हणजेच वर्षाचा अठरा टक्के निघतो. त्यातच 300 प्रक्रिया शुल्क आधीच कापून 11,700 हातात ठेवले, तर तोच दर तेवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कुणी खोटे बोललेले नसते, पण ग्राहकाची दिशाभूल मात्र झालेली असते.

हीच पळवाट बंद करण्यासाठी अमेरिकेने 1968 मध्ये कर्जाविषयी खरी माहिती देण्याचा कायदा केला. सर्व सक्तीचे खर्च धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर सहीपूर्वी लेखी सांगणे त्याने बंधनकारक केले. ब्रिटनच्या 1974 च्या ग्राहक-कर्ज कायद्याने आणि पुढे युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशाने हेच तत्त्व स्वीकारले. येथे एक खाचखळगा आहे, जो जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. अमेरिकी पद्धतीत महिन्याच्या दराला बाराने गुणतात, तर ब्रिटन आणि युरोपात तो चक्रवाढीने वार्षिक करतात; त्यामुळे वरचे बिनशुल्काचे कर्ज एका पद्धतीत अठरा टक्क्यांचे आणि दुसऱ्या पद्धतीत साडेएकोणीस टक्क्यांचे दिसते. दोन देशांतले दर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हे आधी पाहून घ्यावे. भारतात रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरणपत्र (दर, शुल्क आणि मुख्य अटी एकत्र दाखवणारा कागद) सक्तीचे केले असून, त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही. आमच्या मते कर्जाच्या संपूर्ण गठ्ठ्यात सर्वांत आधी वाचण्याजोगा कागद हाच.

‘शून्य टक्के व्याज’ या जाहिरातीबद्दल एवढेच सांगतो की, रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती आणि हप्तेवाल्याला मिळत नाही, ती सूट म्हणजेच व्याज. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना अशा योजनांपासून रोखले, तेव्हा शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, अशीच भूमिका घेतली होती.

हप्ते चालू असताना वस्तू कोणाची?

सामान्य समज असा की वस्तू घरी आली म्हणजे ती आपली झाली. भाडेखरेदीच्या करारात तसे नसते. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी देणाऱ्याकडेच राहते आणि घेणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू असतो. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने 1895 मध्ये एका पियानोच्या खटल्यात हे स्पष्ट केले. हप्त्याने घेतलेला पियानो ग्राहकाने परस्पर गहाण टाकला होता आणि तो मूळ मालकाला परत मिळाला. कायदा म्हणून हा निकाल चुकीचा नव्हता, पण त्याचे परिणाम गरीब घरांना भोगावे लागले. बहुतेक हप्ते भरून झालेले असताना एखादाच हप्ता चुकला, तरी काही व्यापारी सामान उचलून न्यायचे, भरलेले पैसे ठेवून घ्यायचे आणि तीच वस्तू पुन्हा दुसऱ्याला विकायचे. खासदार एलेन विल्किन्सन यांनी याविरुद्ध मांडलेले विधेयक 1938 मध्ये कायदा झाले. एक तृतीयांश किंमत भरून झाल्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय वस्तू परत नेता येणार नाही, हा त्याचा गाभा होता.

तो नियम ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्यातही कायम आहे आणि त्याची शिक्षा जबर आहे. आदेशाशिवाय वस्तू नेली, तर करार तिथेच संपतो आणि ग्राहकाला आजवर भरलेली सर्व रक्कम परत मागता येते. शिवाय एकूण देय रकमेच्या निम्मी रक्कम भरली की, वस्तू सुस्थितीत परत करून ग्राहक स्वतःहून कराराबाहेर पडू शकतो. वस्तू मध्येच विकायचा विचार असेल, तर मात्र मालकी कोणाकडे आहे ते आधी पाहावे. आपली नसलेली वस्तू विकण्याची चूक ग्राहक सहसा अजाणतेपणीच करतात.

वस्तू सदोष निघाली आणि हप्ते मात्र चालू

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो. विक्रेता एक आणि कर्ज देणारा दुसरा, असे असले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पूर्वी अमेरिकेत व्यापारी ग्राहकाची वचनचिठ्ठी (पैसे देण्याचे लेखी वचन) वित्तसंस्थेला विकून मोकळा होई आणि वित्तसंस्था म्हणे की आम्ही चिठ्ठी सद्भावनेने विकत घेतली, वस्तूचे तुम्ही बघा. म्हणजे वस्तू बिघडलेली असो वा आलेलीच नसो, हप्ते द्यावेच लागत. तेथील संघीय व्यापार आयोगाने 1975 मध्ये नियम करून अशा करारात एक सूचना छापणे बंधनकारक केले. विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाची जी तक्रार असेल, तीच करार हाती असलेल्या कोणत्याही धारकाविरुद्ध चालेल, असे ती सूचना सांगते. मात्र वसुलीची मर्यादा ग्राहकाने भरलेल्या रकमेइतकीच राहते.

ब्रिटनचा नियम याहून पुढचा आहे. वस्तूची रोख किंमत 100 पौंडांपेक्षा जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल, तर 1974 च्या कायद्याचे 75 वे कलम क्रेडिट कार्ड देणाऱ्यालाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते. किमतीचा थोडा भागच कार्डाने भरला असला तरी दावा पूर्ण नुकसानीचा करता येतो. विक्रेता दिवाळखोरीत गेल्यावर ग्राहकाला बहुधा याच कलमाचा आधार उरतो. परदेशातल्या खरेदीलाही ते लागू होते, हे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने 2007 मध्ये ठरवले. अमेरिकेत कार्डाच्या बिलातील चुकीबद्दल 60 दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी लागते. दूरध्वनीवर सांगितले होते, हे म्हणणे पुरेसे ठरत नाही. प्रत्येक ठिकाणी आमचा सल्ला एकच असतो: हप्ता परस्पर बंद करू नका, कारण त्याची नोंद थकबाकी म्हणून होते, आधी विक्रेता आणि कर्ज देणारा या दोघांनाही लेखी कळवा.

सही झाल्यावर विचार बदलला तर

युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार आणि ब्रिटनमध्ये बहुतेक ग्राहक-कर्जांतून 14 दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज परत करावे लागते. लक्षात ठेवा, माघार कर्जातून असते, खरेदीतून नव्हे. वस्तू परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर आपोआप येत नाही. अमेरिकेत तीन कामकाजी दिवसांचा असा अधिकार राहते घर तारण ठेवून घेतलेल्या काही कर्जांपुरताच आहे. भारतात डिजिटल कर्जांसाठी अशी मुभा आहे, पण तिचे दिवस करारात पाहावेत. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा अधिकार युरोप आणि ब्रिटनमध्ये सर्वसाधारण आहे. भारतात बँकांना व्यक्तींच्या बदलत्या दराच्या मुदत कर्जांवर 2014 पासून त्यासाठी शुल्क लावता येत नाही.

हप्ता थकला तर

थकलेल्या हप्त्याबद्दल दंड असू शकतो, पण दंडावर व्याज लावून तो फुगवत नेणे हा वेगळा प्रकार आहे. रिझर्व्ह बँकेने 2023 च्या परिपत्रकाने दंड व्याजदरात मिसळण्यास मनाई केली आणि दंडाच्या रकमेवर पुढे व्याज धरण्यासही बंदी घातली. ब्रिटनमध्ये 2015 पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर दिवसाला 0.8 टक्के अशी मर्यादा आहे आणि व्याज व शुल्क मिळून कर्जाऊ रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. किंमतच बांधून देणारा असा नियम आम्हाला योग्य वाटतो, कारण ज्याला उद्याच पैसे हवे आहेत, त्याला माहितीपत्रक वाचायला उसंत नसते. वसुलीच्या दूरध्वनीलाही वेळेचे बंधन आहे: भारतात सकाळी आठ ते संध्याकाळी सात आणि अमेरिकेत, वसुली संस्थांसाठी, सकाळी आठ ते रात्री नऊ. धमकी देणे आणि नातेवाइकांपुढे बदनामी करणे दोन्हीकडे निषिद्ध आहे.

देणाऱ्याला परवाना आहे का?

ही चौकशी दोन मिनिटांची असते, पण फार थोडे जण ती करतात. ब्रिटनमध्ये 2014 पासून ग्राहकांना कर्ज देणाऱ्यांना वित्तीय आचरण प्राधिकरणाची अनुमती लागते आणि ती नसताना दिलेले कर्ज सहसा वसूल करता येत नाही. भारतात बँक किंवा बिगर-बँक वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का, हे पाहता येते. अॅपवरून कर्ज घेताना त्यामागची संस्था कोणती, हे विचारलेच पाहिजे.

भेटीला येताना करारपत्राची प्रत, दर आणि शुल्काचे विवरणपत्र, वस्तूचे बिल, हप्त्यांचा तपशील दाखवणारा खातेउतारा आणि झालेला सर्व पत्रव्यवहार सोबत आणावा. मूळ कागद आमच्याकडे ठेवून जाऊ नयेत, प्रती पुरतात. करारावर सही व्हायची असेल, तर तो सही करण्याआधीच आणावा.