केसवाढीचे उपाय : लेपापासून जीवनसत्त्वांपर्यंत

केस गळू लागले की माणूस डोक्याला काहीतरी चोळतो, नाहीतर पोटात काहीतरी घेतो. चोळण्याची परंपरा हजारो वर्षांची आहे. पोटात घेण्यामागचं विज्ञान जेमतेम शंभर वर्षांचं आहे, आणि आजचा बराचसा गोंधळ त्याच विज्ञानाच्या चुकीच्या अर्थातून झाला आहे.

इ.स.पू. १५५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘एबर्स पपायरस’ या इजिप्शियन वैद्यकग्रंथात टकलावर सिंह, पाणघोडा, मगर यांची चरबी लावायला सांगितलं आहे. स्त्रियांच्या केसांसाठी एरंडाच्या बियांची कृतीही त्यात आहे. चरब्या मागे पडल्या, एरंडेल आजही वापरात आहे. तेलाचा उपयोग होतो, पण वाढीसाठी नव्हे. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला खाऊ घालता येत नाही. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारे प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झालेली दिसली. केस तुटत नाहीत म्हणून लांब राहतात, आणि आपल्याला ते वाढल्यासारखे वाटतात.

अन्नाशी केसांचं नातं चरकसंहितेनंही जोडलं होतं. पचलेल्या अन्नातून एकेक धातू, म्हणजे रक्त, मांस, हाडं असा शरीराचा घटक, घडत जातो आणि अस्थिधातूचा मल, म्हणजे टाकाऊ भाग, म्हणजे केस, अशी ती मांडणी. प्रयोगशाळेतला पुरावा मात्र १९२७ साली आला. मार्गारेट बोआस यांनी उंदरांना कच्च्या अंड्याचा पांढरा बलक खाऊ घातला, तेव्हा त्यांची कातडी सोलवटली आणि केस झडले. यकृत खायला दिल्यावर ते सुधारले. यकृतातला तो घटक म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व. कच्च्या पांढऱ्या बलकातलं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. १९३३ साली सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतल्या मुलांमधल्या क्वाशिओरकोरचं वर्णन केलं. प्रथिनांअभावी होणाऱ्या या कुपोषणात केस विरळ आणि भुरे होतात. पुढे १९७०च्या दशकात, तान्ह्या मुलांचे केस झडणारा एक आनुवंशिक आजार नुसतं जस्त दिल्यानं आटोक्यात येतो, हे कळलं.

हे सगळे शोध कमतरतेचे आहेत, हे विसरलं गेलं. कमी भरून काढली की केस येतात, यावरून जास्त घेतलं की जास्त येतील असा अर्थ काढला गेला. ज्याच्या शरीरात बायोटिन पुरेसं आहे त्याला गोळ्यांचा फायदा होतो, याला भक्कम पुरावा नाही. उलट हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणी जास्त बायोटिनमुळे चुकू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली दिला. सेलेनियम या खनिजाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात ते लेबलवरच्या मात्रेच्या सुमारे २०० पट निघालं. २०१ जणांना विषबाधा झाली आणि त्यातल्या बहुतेकांचे केसच गळाले.

पुरुषांच्या नेहमीच्या टकलाचं मूळ तर ताटात नाहीच. वृषण काढलेल्यांना टक्कल पडत नाही, हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत आहे. त्यामागे टेस्टोस्टेरॉन आणि आनुवंशिकता आहे, हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं.

मग इतके उपाय लागू पडल्यासारखे का वाटतात? अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली वर्णन केलेल्या गळतीत याचं बरंचसं उत्तर आहे. ताप, बाळंतपण किंवा अतिउपवास यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्यानं गळतात, मुळं शाबूत असल्यानं काही महिन्यांत आपोआप परत येतात, आणि त्या काळात जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर काहीच उपाय न केलेला एक गटही हवा. २०१५ साली १०० जणांवर सहा महिने रोझमेरी तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल हे टकलावर लावायचं औषध यांची तुलना झाली. दोन्ही गटांत केस सारखेच वाढले. तिसरा गट मात्र त्या प्रयोगात नव्हता.